कार्डांवरचे रुमाल

मला सगळे रांगबाई म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठ वळली की रांगबाई. त्याचा मला राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्या गोष्टींचा, आणि भरपूर येतो.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर एक मोठी खोली आहे. खोलीत लोखंडी कपाटं, कपाटांत मशिनं, आणि मशिनांत बत्तीस कार्डं. टेबलावरच्या कॉम्प्युटरला जे गणित सोडवायला वर्ष लागेल, ते या कार्डांवर एखाद्या दिवसात उरकतं. त्यामुळे वरच्या मजल्यांवरच्या प्रत्येकाला ही कार्डं हवी असतात, आणि आत्ताच्या आत्ता हवी असतात. कोणाला आधी द्यायची, कोणाला मग, हे ठरवणारा एक प्रोग्राम आहे, शेड्युलर. तुम्ही आपलं काम, म्हणजे आमच्या भाषेत जॉब, रांगेत टाकायचं, किती कार्डं हवीत आणि किती वेळ ते सांगायचं, आणि गप्प बसायचं. नंबर आला की कार्डं मिळतात. या शेड्युलरचे नियम लिहिणारी, नियम मोडणाऱ्याला झापणारी आणि वर सगळ्यांच्या शिव्या खाणारी बाई म्हणजे मी.

त्या नियमांतला एक मला जिवापाड. चालू जॉब कुणी मारायचा नाही. कार्ड एकदा दिलं की सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते त्याचं. संचालकांचा फोन आला तरी, त्यांच्या वरच्याचा आला तरी. कारण मधेच मारलेला जॉब पुन्हा शून्यापासून सुरू करावा लागतो, दिवसच्या दिवस पाण्यात जातात. आणि एकदा का मोठ्या माणसासाठी लहान माणसाचा जॉब मारला, की मग ती रांग राहत नाही, दरबार होतो. दरबारात काम करायला मी आले नव्हते.

आता माझं घोडं कुठे अडलंय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची दुसऱ्या शहरात बदली झाली. लेकही बापाबरोबर गेली. तिला आम्ही ठकी म्हणतो. शाळेचं वर्ष नुकतंच सुरू होत होतं, तेव्हा तिने थांबण्यात अर्थ नव्हता. मी "महिन्याभरात येतेच" म्हणून मागे राहिले. घर लावायला चार दिवस जाऊन आले तेव्हा ठकीच्या खोलीतल्या मोठ्या कपाटाचा उजवा अर्धा भाग स्वतःसाठी ठेवला. रिकाम्या हँगरवर माझी हिरवी ओढणी अडकवली आणि ठकीला बजावलं, "इथे काही कोंबायचं नाही हं. ही आईची जागा." ठकी तेव्हा दहा वर्षांची. तिने शहाण्यासारखी मान डोलावली.

तो महिना अजून संपायचाय. राजीनामा दिला, तो आस्थापना विभागात अडकला. तिथल्या ताई स्वभावाने लोण्यासारख्या मऊ, पण नियमाला पक्क्या.

"मॅडम, चार्ज दिल्याशिवाय तुम्हाला सोडता येत नाही."

"देते की. कुणाला देऊ?"

"नवीन माणसाला."

"मग आणा नवीन माणूस."

"जागा रिकामी झाल्याशिवाय जाहिरात कशी काढणार?"

"मी जाते. जागा रिकामी होते."

"अहो, पण चार्ज दिल्याशिवाय तुम्ही जाणार कशा?"

एवढं बोलून त्या मला चहा विचारतात. दोन वर्षं हाच संवाद आणि हाच चहा. भांडावं तर कुणाशी भांडावं! नवऱ्याच्या शहरातल्या एका कॉलेजने मला जागा देऊ केली होती, पण त्यांना इथून सोडल्याचं पत्र हवं. पत्र नसेल तर माझी इथली चौदा वर्षं कागदावर झालेलीच नाहीत. नोकरीला लागणाऱ्या कालच्या पोरीच्या पंगतीत जाऊन बसायचं. तेही कॉलेज आता किती दिवस वाट बघणार? येत्या सोमवारी त्यांचं नवं सत्र सुरू होतं, आणि त्यांनी स्वच्छ कळवलं होतं, सोमवारी पत्रासकट या, नाहीतर आम्ही दुसरी व्यक्ती बघतो.

म्हणून गेल्या सोमवारी मी संचालकांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि उठलेच नाही. संचालक माणूस वाईट नाही. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, त्यामुळे ते हो पण म्हणत नाहीत. मी मात्र त्या दिवशी डोळ्यांत पाणी आणलं. खोटं नव्हतं, पण अडवलंही नाही.

"बरं बरं," ते म्हणाले. "असं करू. या शुक्रवारपर्यंत रांगेबद्दल माझ्याकडे एकही तक्रार आली नाही, तर मी चार्ज माझ्या स्वतःच्या नावावर घेतो आणि तुमच्या पत्रावर सही करतो. झालं?"

मी बाहेर पडले ती हवेतच. जिन्यातूनच घरी फोन लावला. ठकीने उचलला.

"ठके, शनिवारी येतेय मी. कायमची."

"नक्की, की बघू?"

आमच्या घरात "बघू" हा शब्द माझ्या नावावर आहे. "नक्की," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. पूर्वी असं सांगितलं की कानाचा पडदा फाटेल अशी ओरडायची. आता नुसतं बरं. मला ते लागलं, पण म्हटलं, शनिवारी दारात उभी राहीन तेव्हा ओरडेल.

मंगळवारी सकाळी कामावर आले. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा सांगत होता, बत्तीसच्या बत्तीस कार्डं भरलेली. चांगली गोष्ट. चहा घेतला आणि सवयीने मशीनच्या खोलीत चक्कर मारायला गेले. त्या खोलीत नेहमी पंख्यांचा असा गोंगाट असतो की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी दार उघडलं तर मला माझ्या चपलांचा आवाज आला. पंखे अगदी हळू फिरत होते. कपाटांच्या मागून नेहमी गरम झोत येतो, तिथे हात धरला तर गार. घर पाहुण्यांनी भरलंय आणि चूल पेटलेलीच नाही, तसं झालं होतं.

धावत टेबलाशी आले आणि एकेक कार्ड उघडून पाहिलं. प्रत्येकावर जॉब होता, आणि एकही जॉब काही करत नव्हता. नुसते बसले होते. नावं बघितली तेव्हा उलगडा झाला. सतरा कार्डं हवामानवाल्या सरांच्या गटाची, पंधरा औषधवाल्या मॅडमच्या गटाची.

बसमध्ये गर्दी असली की लोक खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकतात ना, तसला प्रकार. सरांचं वादळांचं गणित आणि मॅडमचं रेणूंचं गणित, दोन्ही मोठी. प्रत्येकाला वीस कार्डं लागतात, आणि तीही एकाच वेळी. सरळ मार्गाने वीस मागितली तर वीस एकदम मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं. तोवर मधल्या फटीतून लहान जॉब घुसत राहतात. तेवढा धीर कुणाला आहे? म्हणून दोघांनीही एकेका कार्डाचे सुटे जॉब टाकले. कार्ड मिळालं की त्याने त्यावर बसून राहायचं, काम करायचं नाही, भावंडं गोळा होण्याची वाट बघायची. वीस जमले की मग सुरू. दोघांनाही वाटलं, आपणच काय ते हुशार. दोघांनी एकाच दिवशी हुशारी केली. आता सरांकडे सतरा, म्हणजे तीन कमी. मॅडमकडे पंधरा, म्हणजे पाच कमी. कमी असलेली कार्डं समोरच्याच्या बुडाखाली. आणि मुदत दोघांनीही लिहिलेली सात दिवसांची, कारण नियमात जास्तीत जास्त तेवढीच बसते. म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत संस्थेची सगळी कार्डं गार, आणि शुक्रवारी माझ्या नावाने बोंबाबोंब.

तेवढ्यात फोन सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरून, पाचव्यावरून. रांग का हलत नाही? मी म्हटलं, हलेल, हलेल, एवढं संचालकांपर्यंत नेऊ नका, तुमच्या पाया पडते.

आधी सरांकडे गेले. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते.

"सर, सतरा कार्डं अडवून बसलात. काम शून्य."

"अडवून कसली? नियमात बसतं. एकेक कार्ड रीतसर मागितलंय."

"रीतसर मागितलंय, पण वापरत नाही आहात."

"वापरणार आहोत! अजून तीन मिळाली की लगेच. त्यांना सांगा ना तीन सोडायला."

"त्यांना वीस हवीत, त्या तीन कशाला सोडतील?"

"मग आम्ही कशाला सोडू? वादळ काय त्यांच्यासाठी थांबणार आहे?"

मॅडमकडे गेले. मॅडमने मला बसायला खुर्ची दिली, गोड हसल्या, आणि शब्द न शब्द तोच. फक्त वादळाच्या जागी आजारी माणसं. "आणि पहिल्यांदा त्यांनी सुरू केलं. आम्ही आपले बघून शिकलो. त्यांनी केलं की युक्ती आणि आम्ही केलं की अडवणूक, असं कसं चालेल?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला, एकाचे जॉब मारून टाकायचे. बोटाच्या एका टिचकीचं काम होतं. पण ज्याचे मारले तो त्याच मिनिटाला संचालकांच्या दारात, आणि माझं पत्र गेलं. नाही मारले तर बाकीचे पाच मजले संचालकांच्या दारात, आणि माझं पत्र गेलं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आणि खरं सांगू? पत्राचं सोडा, चालू जॉब मारायला माझा हातच झाला नसता. चौदा वर्षं ज्या नियमावर मी या लोकांशी भांडले, तो मीच, तेही स्वतःच्या सोयीसाठी मोडू? कुंपणानेच शेत खायचं?

बुधवारी दोघांना माझ्या खोलीत एकत्र बोलावलं. माझी खोली म्हणजे मशीनच्या खोलीला लागून काढलेला काचेचा डबा. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकी नाही. दोघं बसले, मी उभी.

"जो आधी सोडेल," मी म्हटलं, "त्याचा पुढचा नंबर पक्का. मी स्वतः लक्ष घालते."

"छान," सर म्हणाले. "मॅडम, सोडा."

"तुम्ही वयाने मोठे," मॅडम म्हणाल्या. "आधी तुम्ही."

"आम्ही सोडली आणि तुम्ही झडप घातलीत तर?"

"हेच मी तुम्हाला विचारणार होते."

"अहो, पण एका गटाचं काम एका दिवसात संपतं!" मी जवळजवळ ओरडले. "यांचं आज झालं तर त्यांचं उद्या. असं बसून राहिलात तर दोघांचंही नाही."

दोघांनी मान हलवली. दोघांना पटलं होतं. पटलं, म्हणून कुणी सोडतं का? पालथ्या घड्यावर पाणी. जाताना दारात दोघंही एकमेकांना "आधी तुम्ही" करत अडले तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी घरी आले. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. एका खोलीत अजून बांधलेली खोकी, दोन वर्षांपूर्वी बांधलेली. लागेल तशी एकेक वस्तू काढते, पण खोकं मोडत नाही, कारण निघायचंय ना. चार भांडी, एक गादी. पाहुणी मी माझ्याच घरात.

ठकीचा फोन आला. माझा आवाज ऐकून म्हणाली, "काय झालं? शनिवार गेला का?"

"नाही गं. नाही गेला." आणि मग मी तिला सगळं सांगितलं. रुमाल, सतरा, पंधरा, आधी तुम्ही. तिला अशा गोष्टी आवडतात. ती मधे मधे "अय्या" करत होती.

"मग त्यांना उठव ना तू."

"तोच तर नियम आहे ना, राणी. बसलेल्याला उठवायचं नाही."

"पण ते बसलेत कुठे?" ठकी म्हणाली. "नुसता रुमाल आहे. बसलेल्या माणसाला उठवलं तर त्याला वाईट वाटेल. रुमालाला काय वाईट वाटणार?"

चौदा वर्षं नियम लिहिते मी. चालू जॉब मारायचा नाही, कारण त्याचं झालेलं काम वाया जातं. ज्याने काही केलंच नाही त्याचं वाया काय जाणार?

"ठके! अगदी बरोबर! न वापरता जागा अडवली तर ती जागा आपली नाहीच. मग तो कुणी का असेना."

"कुणी का असेना?"

"कुणी का असेना."

"बरं," ती म्हणाली. यावेळचं "बरं" जरा विचारात पडल्यासारखं होतं. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, माझं डोकं नियमात गेलं होतं.

गुरुवारी सकाळी नियम लिहून संचालकांपुढे ठेवला. दिलेलं कार्ड तासभर गार राहिलं तर ते आपोआप परत रांगेत जाईल. गट कुठला, माणूस कोण, बघितलं जाणार नाही. चालू कामाला धक्का नाही. त्यांनी एकदा वाचलं आणि सही केली, कारण यात त्यांना कुणाला नाही म्हणायचं नव्हतं. मी सगळ्या मजल्यांना कळवलं, तासाभराचा हा नियम ठकीलाही फोनवर पाठवला, आणि दुपारी चालू केला.

तास भरला आणि रुमाल भराभर गळाले. पडद्यावर बत्तीस कार्डं मोकळी दिसली, आणि लगेच भरायला लागली. सरांनी यावेळी निमूट वीस एकदम मागितली होती. रांगेत त्यांचा नंबर आधी होता, त्यांना मिळाली. उरलेल्या बारांत बाकी मजल्यांचे लहान जॉब बसले. मॅडमचा नंबर सरांच्या मागे, दुसऱ्या दिवशीचा. मी मशीनच्या खोलीत जाऊन उभी राहिले. पंख्यांनी एकेक करत आवाज चढवला आणि थोड्या वेळात स्वतःचं बोलणं ऐकू येईना. मी तिथे एकटीच मोठ्याने हसले, कुणाला ऐकू जाणार!

मॅडमचा फोन आला. मला वाटलं, आली तक्रार. तर म्हणाल्या, "बरं झालं बाई. मलाही तो रुमाल टाकून अवघडल्यासारखंच झालं होतं."

शुक्रवारी दुपारी मी संचालकांकडे गेले. हातात पत्राचा कागद, टाईप केलेला, फक्त सहीची जागा मोकळी. पेनसुद्धा माझंच नेलं होतं.

"या, या!" ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठत नाहीत. "एक तक्रार नाही! उलट हवामानवाले स्वतः येऊन कौतुक करून गेले. काय नियम काढलात!"

"सर, पत्र."

"अहो, कसलं पत्र आता!" ते हसले. मनापासून हसले, लबाडी नव्हती त्यात. "तुम्हीच सांगा, हा नियम तुमचा. उद्या कुणी त्यातून पळवाट काढली तर मी काय करणार? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. चार्ज माझ्या नावावर घेऊन मी या खोलीचं वाटोळं करू? काल जे झालं त्यावरून तर उलट कळलं, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही."

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. नाही कुठे म्हणतोय? पण परिस्थिती बदलली की नाही? थोडं थांबा. या नियमाची घडी नीट बसू दे. मग बघू."

बघू. माझाच शब्द, माझ्याच तोंडावर. जीव तोडून जाम सोडवला, आणि जितका चांगला सोडवला तितकी मीच घट्ट अडकले. हात दाखवून अवलक्षण! गचाळ काम केलं असतं तर तक्रार आली असती आणि पत्र गेलं असतं. चांगलं काम केलं तर कौतुक आलं आणि पत्र गेलं. मला त्या केबिनमधल्या प्रत्येक वस्तूचा राग आला, अगदी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासचासुद्धा. मूग गिळून खाली आले, काचेच्या डब्यात बसले आणि घरी फोन लावला.

नवऱ्याने उचलला. मी म्हटलं, "ऐक ना."

तो म्हणाला, "नको सांगूस. कळलं." चिडला नाही. चिडला असता तर मला भांडता आलं असतं. मग म्हणाला, "ठकीला तुला काहीतरी सांगायचंय. सकाळपासून घोकतेय."

ठकी आली. "आई, आधी सांग रागावणार नाहीस."

"नाही रागावत. बोल."

"तुझा कप्पा मी घेतला."

मला आधी कळलंच नाही. "कुठला कप्पा?"

"कपाटातला. तुझ्या बाजूचा. काल शाळेतून आले आणि घेतला. माझी पुस्तकं खाली जमिनीवर असतात गं, आणि कपडे बाबांच्या खणात. जागाच नव्हती. आणि तूच म्हणालीस ना, न वापरता अडवली तर ती आपली नाही. मी परत विचारलं, कुणी का असेना? तू म्हणालीस, कुणी का असेना."

"हो," मी म्हटलं. "म्हणाले."

"मी तास नाही, दोन वर्षं थांबले."

काचेपलीकडे पंखे घोंघावत होते आणि मला वाटलं, बरंय, आवाज आहे, हुंदका तिला ऐकू जाणार नाही.

"ओढणी कुठाय?"

"घडी करून वर ठेवलीय. टाकली नाही. आई, रागावलीस?"

"नाही गं. बरोबर केलंस तू. अगदी बरोबर."

फोन ठेवला आणि रडले. चांगली धाय मोकलून रडले. पोरीने काय चूक केली होती? एकही नाही. दोन वर्षं ती जमिनीवर पुस्तकं ठेवून वावरली, का, तर आईची ओढणी लोंबतेय. आणि आई कुठे, तर इथे. इथे तरी मी काय करत होते? पुढे येणाऱ्या कुणाची तरी खुर्ची अडवून बसले होते. मी उठत नाही म्हणून जाहिरात निघत नाही, आणि जाहिरात निघत नाही म्हणून मी उठत नाही. तिथेही रुमाल, इथेही रुमाल. दोन्हीकडची जागा गार.

अशा जामातून सुटायचा रस्ता मला चांगला ठाऊक आहे, दोन दिवस हेच तर मी त्या दोघांना ओरडून सांगत होते. कुणीतरी आधी सोडायचं. समोरचा सोडेल, मग मी, असं म्हटलं की बसा जन्मभर. आणि जो आधी सोडतो त्याचं नुकसान होतं, ते व्हायचंच. माझं नुकसान म्हणजे चौदा वर्षं. पत्र नाही, म्हणजे ते कॉलेज नाही, म्हणजे पुन्हा शून्यापासून. त्याची भीती वाटली का? वाटली. पण डोळ्यांपुढे ती पुस्तकं येत होती, जमिनीवर रांगेने मांडलेली.

शेड्युलरचे सगळे नियम आणि पासवर्ड एका पाकिटात घालून ठेवलेले होतेच, दोन वर्षांपासून. ते घेतलं, गळ्यातलं ओळखपत्र काढलं, खोलीची किल्ली काढली आणि वर गेले. तिन्ही वस्तू संचालकांच्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"जागा रिकामी झाली, सर. आता जाहिरात काढता येईल."

"अहो, पण पत्राशिवाय? वेड लागलंय का? चौदा वर्षं फुकट जातील तुमची."

"जातील."

"थोडं थांबा म्हटलं ना. मी बघतो म्हटलं ना!"

"मीही दोन वर्षं घरी हेच सांगतेय," मी म्हटलं. रडून रडून आवाज बसला होता, नाहीतर चांगली गरजले असते.

त्यांनी आस्थापनेतल्या ताईंना बोलावलं. ताई आल्या, किल्ली बघितली, मला बघितलं, आणि पहिल्यांदाच चहा विचारला नाही. संचालकांनी विचारलं, आता काय करायचं. ताई म्हणाल्या, "पद रिक्त झालं म्हणून नोंद करावी लागेल, सर. त्याशिवाय पुढे काही करता येत नाही." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

घरी जाऊन एक बॅग भरली. खोकी बांधलेली होतीच, ती नवरा नंतर नेईल. बस स्थानकावर पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. फोन लावला.

"ठके, कपाट रिकामं कर. निघालेय मी."

"नक्की, की बघू?"

"नक्की. स्टँडवर उभी आहे. आता बसच पकडायची."

मग तिच्या त्या नव्या, मोठ्या झालेल्या आवाजात ती म्हणाली, "आधी ये. मग करते."

नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं! "बरं," मी म्हटलं, आणि तिकिटाच्या खिडकीसमोर रांग होती, तिच्या शेवटी जाऊन उभी राहिले.